डॉक्टरताई, कुत्र्यांकडे बघायला शिकवलंत म्हणून

प्रिय डॉक्टरताई,

२०२४ च्या मार्चमध्ये अलास्कातल्या इडिटारॉड या स्लेज कुत्र्यांच्या शर्यतीत आपली टीम शेवटच्या ठिकाणी, नोमला, कितवी पोचली, असं कुणी विचारलं की मला थोडं आठवावं लागतं. पण दहा कुत्री पोचली, दहाही शेपट्या सैल सोडून कमानीखालून आली आणि आडवं होण्याआधी दहाही जणांनी भांडी चाटून साफ केली, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. काय लक्षात ठेवायचं, हे तुम्ही शिकवलंत. त्याचे आभार तोंडावर मानायला गेले की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शिवाय अलास्कात स्लेज डॉगच्या शर्यतींमागे एक अख्खा हंगाम घालवला म्हटलं की आपल्याकडची माणसं मला दोनच प्रश्न विचारतात: जिंकलं कोण, आणि मुक्या जनावरांचे हाल होत नाहीत का? दोन्हींची उत्तरं मला तुमच्यामुळे नीट विचार करून देता येतात. ती त्यांच्याही कानावर जावीत.

२०२३ च्या गणपतीत आरतीनंतर तुम्ही सहज म्हणालात, "शनिवारी पहाटे विलोला येतेस का? जुने कपडे घाल." परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून निघालेली मुलगी बर्फातल्या कुत्र्यांची डॉक्टर कशी झाली, एवढंच तोवर मला कुतूहल होतं. कुत्र्यांचं म्हणाल तर माझ्या डोळ्यांसमोर निळ्या डोळ्यांचे, झुबकेदार केसांचे हस्की होते. विलोच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्री ठेवायच्या जागी, दिसली ती लांब पायांची, सडपातळ, वीस-पंचवीस किलोंची, नाना रंगांची कुत्री. कुणाचे कान उभे, कुणाचे पडलेले. अलास्कन हस्की ही कागदोपत्री नोंदलेली जात नाही, पळणं, खाणं आणि पाय या तीन गोष्टी बघून पिढ्यान्‌पिढ्या जुळवत आणलेलं रक्त आहे, हे तुम्ही बादलीतलं खाणं ढवळता ढवळता सांगितलंत.

प्रत्येक कुत्र्याला आपलं लाकडी घर, आपला खांब आणि आपली साखळी. साखळी बघून माझा चेहरा उतरला तेव्हा तुम्ही तिचं समर्थन केलं नाहीत. म्हणालात, "महिनाभर यांच्यात वावर, मग तुझं मत सांग. मी ऐकेन." आणि माझ्या हातात विष्ठा उचलायचं फावडं दिलंत. साखळीबद्दल माझं मन आजही पूर्ण निवलेलं नाही. ते तुम्हाला मी सांगितलं आणि तुम्ही खरंच ऐकून घेतलंत.

बर्फ पडायच्या कितीतरी आधी हंगाम सुरू होतो, हे मला कुठं ठाऊक होतं! या कुत्र्यांना थंडी नाही, उकाडा बाधतो. म्हणून सरावाला पहाटेची वेळ. स्लेजऐवजी मागे चारचाकी क्वॉड, तीही खालच्या गिअरमध्ये, मुद्दाम सावकाश ओढायला लावायची, कारण स्नायू लवकर तयार होतात पण स्नायुबंध आणि सांधे वेळ घेतात. हार्नेस, म्हणजे ओढण्यासाठी अंगावर चढवायचा पट्टा, हातात दिसला की सगळं केनेल किंचाळायला लागायचं. जी राहणार असायची ती घरांच्या छपरांवर चढून ओरडायची. गाडी सुटली की त्याच क्षणी शांतता, नुसते श्वास आणि पावलं. लगाम नसतो, हेही मला तिथेच कळलं. मशरकडे, म्हणजे स्लेज चालवणाऱ्याकडे, फक्त आवाज असतो. "जी" म्हटलं की उजवीकडे, "हॉ" म्हटलं की डावीकडे, आणि ते ऐकून वळायचं की नाही हे ठरवणार सगळ्यांत पुढचं लीडर कुत्रं. पातळ बर्फावर आज्ञा मोडणारी लीडर हवी असते, असं आपल्या मशरबाई म्हणाल्या होत्या. लीडर होती ज्युनिपर, झाडांची नावं ठेवलेल्या त्या वेतातली करडी कुत्री.

तुम्ही मला पाय बघायला शिकवलंत. बोटांच्या बेचक्यांत अंगठा फिरवायचा, चीर किंवा लाली दिसली तर मलम लावायचं, मग कापडी बूट. वेल्क्रो घट्ट हवा, पण रक्त अडेल इतका नको. थांब्यावर बूट काढायचेच. मग मनगट दाबून बघायचं, खांदा मागेपुढे न्यायचा, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती किती पटकन बसते ते बघायचं. डॉक्टर मंडळी ज्या क्रमाने तपासतात तोही शिकवलात: हृदय आणि अंगातलं पाणी, मग भूक आणि वृत्ती, मग वजन, मग फुप्फुसं. सुरुवातीला मला "वृत्ती" हा प्रकार तपासायचा कसा ते कळेना. तुम्ही म्हणालात, "रोजचं कसं असतं ते माहीत असेल तरच आज वेगळं काय ते दिसेल." म्हणून तर आधी फावडं.

आता जानेवारीतल्या कॉपर बेसिन ३०० बद्दल. ग्लेनालेनच्या परिसरातली ही तीनशे मैलांची शर्यत. चेकपॉइंट, म्हणजे वाटेतले थांबे, रस्त्यालगत, त्यामुळे आम्ही हँडलर, म्हणजे मदतनीस मंडळी, ट्रक घेऊन टीमच्या पुढे पुढे जाऊन थांबायचो. थांबायचो म्हणजे नुसतं थांबायचो. टीम आली की गवत पसरणं, पाणी तापवणं, खाऊ घालणं, बूट काढणं हे सगळं मशरने एकटीने करायचं. हँडलरने हात लावायचा नाही. टीम निघून गेल्यावर गवत गोळा करायचं ते आमचं काम. त्या शर्यतीत तुम्ही डॉक्टरांच्या पथकात होतात. ट्रकमधून तुम्हाला चहा द्यायला आले तर चहा घेतलात, पण आपल्या टीमबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मला तेव्हा जरा लागलं. मग दुसऱ्या चेकपॉइंटवर तुम्ही ज्युनिपरच्या उजव्या मनगटापाशी थांबलात. दुसऱ्यांदा दाबलंत, तिसऱ्यांदा दाबलंत. मशरबाईंना एवढंच म्हणालात, "सांधा गरम आहे."

मशरबाई तिच्याशेजारी गवतात बराच वेळ बसून राहिल्या. आपली सगळ्यांत भरवशाची लीडर होती ती. मग त्यांनी तिचा पट्टा सोडला आणि माझ्या हातात दिला. ती रात्र मी आणि ज्युनिपर ट्रकमध्ये होतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी मलम चोळलं, मनगटाला निओप्रीनची पट्टी बांधली, ठराविक वेळाने सोडून पुन्हा बांधली. तिची टीम पुढे गेली तेव्हा ती रडली, हे मी नाकारणार नाही. पहाटेला तिने माझ्या मांडीवर हनुवटी टेकून ते मनगट स्वतःहून पुढे केलं. मार्चमध्ये हीच ज्युनिपर नोमला पोचलेल्या दहा जणांत होती. तुमच्या त्या तीन शब्दांचे आभार वेगळे. समोर ओळखीची माणसं आशेनं बघत असताना ते बोलायचे होते, आणि ओळखीची होती म्हणून आधी गप्पही राहायचं होतं. दोन्हीचं वजन मला तेव्हा कळलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस अँकरेजच्या फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर ट्रकांनी बर्फ आणून ओततात आणि फर रॉन्डी या हिवाळी उत्सवातली स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराची वेगवान, शर्यत होते. तीन दिवस, रोज पंचवीस मैल. ते बघायला तुम्ही मला ओढून नेलंत आणि जॉर्ज अ‍ॅटला यांच्याबद्दल सांगत राहिलात. हुस्लिया गावच्या या अथाबास्कन आदिवासी माणसाचा गुडघा लहानपणीच्या क्षयामुळे आखडलेला, तरी ही स्पर्धा त्यांनी दहा वेळा जिंकली. टीम हरली तर चूक कुत्र्याची नसते, चालवणाऱ्याची असते, असं ते मानत, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

आणि मग इडिटारॉड. जो रेडिंग्टन यांनी १९७३ मध्ये नोमपर्यंत नेलेली ही शर्यत साधारण हजार मैलांची, म्हणजे सोळाशे किलोमीटरची. पहिल्या वर्षी विजेत्याला सुमारे वीस दिवस लागले, हल्ली नऊ-दहा लागतात. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचं रक्त तपासतात, ईसीजी काढतात, हे ऐकून माझी आई फोनवर म्हणाली, "आमचा तरी कुणी काढतंय का!" आठवडे आधी खाण्याच्या पिशव्या भरल्या: मासळी, मांस, चरबी, कोरडं खाद्य, बूटच बूट. स्वयंसेवक वैमानिक त्या पिशव्या छोट्या विमानांनी चेकपॉइंटवर पोचवतात. धावताना एक कुत्रं दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी जाळतं, आणि काही दिवसांत त्याचं शरीर चरबीवर चालायला लागतं. त्यामुळे ते दमायच्या ऐवजी स्थिरावतं. हे तुम्ही आम्हाला पिशव्या भरताना समजावलंत आणि सगळ्यांचे हात थांबले.

विलोला टीम सुटली की हँडलरचं काम संपतं. तुम्ही विमानाने कुठल्याशा चेकपॉइंटवर गेलात, मी घरी ट्रॅकरसमोर, म्हणजे टीम कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दाखवणाऱ्या पडद्यासमोर. पडद्यावर ठिपका थांबला की माझ्या पोटात गोळा यायचा. जायच्या आधी तुम्ही एका कागदावर लिहून दिलं होतंत, तो अजून फ्रिजवर आहे. चेकपॉइंटबाहेर थांबलेला ठिपका म्हणजे बहुतेक वेळा मशरने गर्दीपासून दूर गवत अंथरलंय. किती पळाली आणि किती झोपली, हे शेजारी शेजारी लिही. सगळ्यांची चोवीस तासांची सक्तीची विश्रांती होईपर्यंत क्रमांक बघू नकोस, कारण सुरुवातीला दोन दोन मिनिटांच्या अंतराने सुटल्याचा हिशेबही तिथेच चुकता होतो. पुढे युकॉन नदीवर आठ तास, व्हाइट माउंटनच्या चेकपॉइंटला आठ तास. वेग हळूहळू उतरला तर काळजी नको, एकदम उतरला तर टीमने काहीतरी सांगितलंय. त्या कागदामुळे मला शर्यत वाचता आली.

त्या वर्षी शर्यतीत तीन कुत्री दगावली. आपल्या टीममधलं कुणी नव्हतं, म्हणून दुःख कमी झालं असं नाही. चेकपॉइंटवरून तुमचा फोन आला तेव्हा मी रागात होते. म्हटलं, हे सगळं कशासाठी? तुम्ही "होतं असं" म्हणाला नाहीत. बाहेरच्यांना काय कळतंय, असंही म्हणाला नाहीत. शवविच्छेदन होईल, कारण शोधलं जाईल, आणि सापडलं तर नियम बदलायला हवेत, असं म्हणालात. मग बराच वेळ गप्प होतात. शेवटी म्हणालात, "हा प्रश्न विचारणं ज्या दिवशी सोडशील, त्या दिवशी केनेलवर येऊ नकोस." म्हणून दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हे: धोका आहे, मरणही आहे, आणि त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघणारी, रात्ररात्र बर्फात गुडघे टेकून पावलं तपासणारी माणसंही आहेत. त्यांतल्या एकीला मी ओळखते. शर्यत असावी की नसावी यावर माणसांची मतं वेगळी असतील. मला त्या कुत्र्यांच्या सोबत राहायचं आहे.

नोमला जाताना विमानात तुम्ही १९२५ ची गोष्ट सांगितलीत. नोममध्ये घटसर्प पसरलेला, विमानांचा भरवसा नाही. नेनानाहून ६७४ मैल, वीस मशर आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी हातोहात औषध साडेपाच दिवसांत पोचवलं. पुतळा बाल्टो या कुत्र्याचा झाला, पण सगळ्यांत लांबचा आणि अवघड टप्पा मशर लेनर्ड सेप्पाला यांच्या टोगो या कुत्र्याने ओढला, हे मी आधी वाचलं होतं. नवीन होतं ते तुमचं पुढचं वाक्य: ते अँटिटॉक्सिन घोड्यांच्या रक्तातून काढलेलं होतं. परळला शिकत असताना जवळच्या हाफकिनमध्ये अशी औषधं कशी बनतात ते तुम्ही वाचलेलं, ऐकलेलं. "म्हणजे मुलं वाचली ती घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या जिवावर. नुसत्या माणसाला ते जमलं नसतं," म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत राहिलात.

नोमच्या फ्रंट स्ट्रीटवर टीम आली तेव्हा तुम्ही माझ्याआधी ज्युनिपरच्या मनगटाकडे बघितलंत. मीही तिकडेच बघत होते. शेवटचा मशर येईपर्यंत कमानीवर कंदील पेटता ठेवतात, तो विझेपर्यंत आपण नोममध्ये थांबलो. जिंकणाऱ्याचं नाव डॅलस सीव्ही, त्यांचा तो सहावा विजय. विचारणाऱ्यांसाठी हेही लिहून ठेवते.

ताई, आता एक बातमी. मशर ज्या कुत्र्यांना वाटेतल्या चेकपॉइंटवर ठेवून पुढे जातात ती विमानाने अँकरेजला परत येतात, त्यांना उतरवून घेणाऱ्या स्वयंसेवकांत मी नाव दिलं आहे. थकलेल्या, गोंधळलेल्या, टीम सुटून गेलेल्या कुत्र्यांना पहिलं पाणी द्यायचं काम. अर्जात अनुभव विचारला होता. तिथे मी कॉपर बेसिनच्या रात्रीबद्दल लिहिलं, आणि शिकवणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव. तुम्हाला न विचारता लिहिलं. त्यांचा फोन आला तर चहाचं आधण ठेवायला उठू नका.

तुमची,
ज्युनिपरची रात्रपाळीवाली