हायड्रोजनला पाणी कुठलं देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्रीन हायड्रोजनच्या, म्हणजे ऊन-वाऱ्याच्या विजेवर बनणाऱ्या इंधनाच्या, बातम्या हल्ली पेपरात सारख्या येतात, धूर नाही, प्रदूषण नाही, सगळं चांगलंच आहे आणि मी त्याच्या विरोधातबी नाही. पण हा हायड्रोजन पाण्यातनंच काढतात, विजेनं पाणी फोडून, हे त्या बातम्यात कुठंतरी खाली एका ओळीत असतं. एक किलोला नुसत्या हिशोबानं 9 लिटर एकदम शुद्ध पाणी लागतं, शुद्ध करताना वाया जाणारं आणि मशीन थंड करायला लागणारं धरलं तर वीसच्या वर जातं. म्हणजे दीड घागर. रोज 100 टन करणारा एक कारखाना आला तर वीस लाख लिटर, पाच हजारवाले चारशे टँकर, दररोज!

टँकर मी मुद्दाम म्हणतोय. माझी थोरली बहीण अथणी तालुक्यात दिलीय. एप्रिलमधे तिच्याकडं गेलो की रस्त्याकडेला निळे बॅरल लाईनीत लावलेले दिसतात, प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव, आणि टँकर आला की पाइप धरायला सगळी धावतात. तांदूळ धुतलेलं पाणी ती म्हशीला ठेवते. बोअरचं पाणी एवढं खारट की तपेल्याला पांढरा थर बसतो, खरवडून निघत नाही. कृष्णा कोरडी पडली की कोयनेतनं पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राला विनवायचं, हे तर ठरलेलंच.

आता कोण म्हणेल की उसाला लागतं त्याच्यापुढं हे काहीच नाही. खरं आहे. केंद्र सरकारनं 2023 च्या जानेवारीत ग्रीन हायड्रोजनचं मिशन मंजूर केलं, 19,744 कोटींचं, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन करायचंय, त्याला वीस लिटरनं पाणी काढलं तर साडेतीन टीएमसी (अब्ज घनफूट) होतं, आणि हिडकल धरण एकटं 51 टीएमसीचं. पण म्हादईच्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी किती? पाणीवाटपाच्या लवादानं 2018 मधे कर्नाटकाला दिलं ते 3.9 टीएमसी, आणि तेवढ्यासाठी कर्नाटक आणि गोवा किती वर्षं भांडतायत ते आम्ही खानापूरच्या दारातनं बघतोय. देशाच्या हिशोबात पाणी थोडंच दिसतं हो, पण ते उपसणार कुठल्यातरी एकाच तालुक्यातनं.

अडचण अशी की ऊन भरपूर तिथं वीज स्वस्त, आणि ऊन भरपूर तिथंच पाणी नाही. सौदीत निओमला रोज 600 टनाचा प्लांट बांधायला घेतला, नामिबियात ल्युडेरिट्झजवळ वाळवंटात मोठा प्रकल्प ठरवलाय, दोन्हीकडं पाणी समुद्राचं गोडं करून वापरायचं असं ठरलंय. ते काही फार महाग पडत नाही, हजार लिटर गोडं करायला 3-4 युनिट वीज आणि एक किलो हायड्रोजनला पन्नासच्या वर युनिट, मग वीस लिटरचा खर्च तो किती? गोडं करून उरलेलं जादा खारट पाणी मात्र किनाऱ्यालाच ओतलं तर मासेमारीवाल्यांचं नुकसान, ते बघायलाच पाहिजे. पण वाळवंटातले देश समुद्राचं पाणी वापरणार आणि आमच्याकडं नदीला पाइप लावणार, हे कसं चालेल?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, असले कारखाने किनाऱ्याला काढा. आतल्या भागात काढायचेच असतील तर गावाचं सांडपाणी शुद्ध करून वापरा, बळ्ळारी नाल्याचं घाण पाणी शहापूर-येळ्ळूरच्या शिवारात घुसतंय ते तरी कामाला येईल. नदीचं आणि बोअरचं पाणी नको. आणि सबसिडी द्यायच्या आधी पाणी कुठलं, रोज किती लिटर, उन्हाळ्यात काय करणार, हे लिहून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, कानडीबरोबर मराठीतबी लावा. एनओसी झाल्यावर कागद हातात पडून आम्हाला काही उपयोग नाही.

आपला,
एक वाचक, बेळगाव