नत्र कमी, कर्ब जास्त

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तू विचारलं होतंस की जिवाणू प्लॅस्टिक करतात म्हणजे नेमकं काय करतात. आणि बाबा, तुमचा प्रश्न होता की विषारी रसायनांत ते मरत कसे नाहीत. दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच पेशीत चालतात, म्हणून एकाच पत्रात लिहिते.

आधी आईचं उत्तर. वाढायला पेशीला कर्ब लागतो, तसे नत्र आणि स्फुरदही लागतात. साखर भरपूर आहे पण नत्र संपला, तर नवी प्रथिनं बनत नाहीत आणि पेशीचं विभाजन थांबतं. साखर मात्र आत येतच राहते. ती मोडून होणारा असेटिल-कोए (दोन कर्बांचा असेटिल तुकडा वाहणारा रेणू) साचतो आणि तीन एन्झाइमं कामाला लागतात. पहिलं एन्झाइम दोन असेटिल तुकडे जोडतं, दुसरं त्या जोडाचं क्षपण करतं (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतं) आणि तिसरं असे जोड एकापुढे एक ओवत साखळी लांबवतं. हेच जिवाणूंचं प्लॅस्टिक, पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे पीएचबी. फ्रान्समध्ये मोरिस लमॉन्य यांनी १९२६ मध्ये बॅसिलस मेगाटेरियममध्ये ते ओळखलं. पेशीत त्याचे साधारण ०.२ ते ०.५ मायक्रोमीटरचे दाणे दिसतात. ही पेशीची गंगाजळी. सुटी साखर तशीच आत साठवली असती तर पेशीत पाणी ओढलं जाऊन ती फुगली असती. न विरघळणाऱ्या दाण्यांमुळे तो प्रश्नच येत नाही.

यात सगळ्यात नावाजलेला जिवाणू म्हणजे क्युप्रिआव्हिडस नेकॅटर. परिस्थिती जमली तर त्याच्या कोरड्या वजनाचा ८० टक्क्यांपर्यंत भाग पीएचबीचा असतो. पण पहिली चूक इथेच होते. त्याचा एच१६ हा मूळ वाण ग्लुकोज खात नाही, फ्रुक्टोज खातो. ग्लुकोज घालून दोन दिवस वाट पाहिली तर फ्लास्क होता तसाच राहतो. लिटरमागे २० ग्रॅम फ्रुक्टोज, १ ग्रॅम अमोनियम सल्फेट, सामू स्थिर ठेवणारं फॉस्फेटचं बफर आणि सूक्ष्म खनिजं घ्यायची. सामू ७ च्या आसपास, तापमान ३० अंश सेल्सिअस. एवढ्या अमोनियम सल्फेटमधून सुमारे ०.२ ग्रॅम नत्र मिळतो. त्यातून लिटरमागे दीडेक ग्रॅम पेशी उभ्या राहतात, पुढचा कर्ब दाण्यांत जातो. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रावण भरू नये, नाहीतर हलवूनही हवा पुरत नाही. साधारण ४८ ते ७२ तासांनी पेशी काढायच्या. साखर संपल्यावर फ्लास्क तसाच ठेवला तर पेशी आपलेच दाणे खायला लागतात आणि उत्पादन उतरतं.

दाणे झालेत का, हे सुदान ब्लॅक या रंगानं पाहतात. सॅफ्रानिन या दुसऱ्या रंगानं गुलाबी झालेल्या पेशीत काळे-निळे ठिपके दिसतात. मात्र सुदान ब्लॅक इतर स्निग्ध पदार्थांनाही लागतो, म्हणून खात्रीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी (वाफ करून घटक वेगळे ओळखण्याची पद्धत) करावी लागते. पॉलिमर, म्हणजे ही लांब साखळी, वेगळं करायला वाळवलेल्या पेशी कोमट क्लोरोफॉर्ममध्ये ठेवतात, गाळतात आणि तो अर्क दहापट थंड मेथॅनॉलमध्ये ओततात. पांढरे तंतू खाली बसतात. हे सगळं धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं. क्लोरोफॉर्मऐवजी सोडियम हायपोक्लोराइटनं पेशी विरघळवणं स्वस्त पडतं, पण ते जास्त वेळ राहिलं तर साखळ्याच तुटतात आणि माल ठिसूळ होतो. मुळात पीएचबी ठिसूळच आहे. शिवाय ते सुमारे १७५ अंशांवर वितळतं आणि त्याहून थोड्याच जास्त तापमानाला विघटित व्हायला लागतं, त्यामुळे साच्यात घालताना तापमान फार जपावं लागतं.

आता बाबांचा प्रश्न. टोल्युइनसारखं द्रावक पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, शिरतं, पटल सैल पडतं, प्रोटॉन आत झिरपतात आणि ऊर्जा वाया जाते. मरण येतं ते अशा गळतीनं. स्यूडोमोनास पुटिडा हा जिवाणू त्याला तीन थरांत तोंड देतो. पहिला उपाय काही मिनिटांत होतो. पटलातल्या मेदाम्लांचं वाकडं सिस रूप सरळ ट्रान्स होतं, त्यामुळे ती दाट बसतात. या बदलाला पेशीची ऊर्जा लागत नाही, मला तो म्हणूनच फार सुंदर वाटतो. दुसरा उपाय पंपांचा. आत आलेलं द्रावक ते बाहेर फेकतात, पण त्यांना सतत ऊर्जा लागते. तिसरा उपाय म्हणजे विष खाऊन टाकणं. टोल्युइनपासून बेंझोएट, त्यापासून कॅटेकॉल, मग वलय फोडून नेहमीच्या चयापचयात. हे सगळ्याच जिवाणूंना जमत नाही. द्रावक सोसणारा प्रत्येक वाण ते खातोच असंही नाही.

तुमच्या दोघांच्या उत्तरांचा सांधा इथेच जुळतो. विष मोडून मिळालेला कर्बही त्याच साठवणीच्या वाटेला लागू शकतो. पॉलिस्टायरीन तापवून मिळालेल्या स्टायरीनवर स्यूडोमोनास पुटिडाच्या सीए-३ या वाणानं त्याच कुळातलं, पण अधिक लवचीक पॉलिमर बनवल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं.

मात्र वाढप सांभाळावं लागतं. लिटरमागे ०.१ ग्रॅम फिनॉल पचवणारा जिवाणू १ ग्रॅमला अडखळतो, मग न खाल्लेलं फिनॉल साचून त्याला आणखी दाबतं. म्हणून ते एकदम न ओतता थोडंथोडं सोडतात. द्रावण तपकिरी पडायला लागलं तर बहुधा कॅटेकॉल साचतंय असं समजावं, कारण हवा लागून ते काळवंडतं. अशा वेळी वाढप थांबवायचं आणि हवा वाढवायची. विषापासून बचाव करण्यात ऊर्जा खर्च झाली की दाण्यांसाठी कमी उरते, त्यामुळे विषावर वाढवलेल्या पेशींकडून साखरेवरच्या पेशींइतक्या साठ्याची अपेक्षा धरू नये.

बाबा, धातूंचं वेगळं आहे. पारा मोडता येत नाही. काही जिवाणू त्याच्या आयनांचं क्षपण करून वाफ होणारा पारा बनवतात. पेशी वाचते, पण ती वाफ पकडली नाही तर पारा नुसता पाण्यातून हवेत जातो. शिसं, तांबं असे धातू पेशीबाहेरच्या चिकट बहुशर्करांना चिकटतात, कारण त्या बहुशर्करांवर ऋण भार असतो. तो चिकट गाळ वेळेवर काढला नाही किंवा पाण्याचा सामू उतरला, की धातू पुन्हा सुटतात. म्हणून असं पाणी जिवाणूंकडून साफ करणाऱ्या टाकीत सामूचं मोजमाप रोज व्हायला हवं, आणि काढलेला गाळ घातक कचरा म्हणूनच वेगळा ठेवायला हवा.

तुमची,
ताई