सूचना : खोडव्यातील पाचट व माती-चित्रणाची शिवारफेरी

मंडळाच्या सर्व शेतकरी व चित्रकार सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता शिरोळ तालुक्यातील आपल्या नेहमीच्या खोडव्याच्या, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, रानात जमायचे आहे. ऊस तुटून गेल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, उरते. ते न पेटवता सरीत दाबून, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकण्याचे काम शेतकरी करतील, आणि त्याच सरीची माती चित्रकारांनी यापुढे दर महिन्याला रंगांत नोंदवायची आहे.

मागील खेपेस काहींनी बांधावर बसून केवळ सूर्योदय रंगविला. निसर्गचित्रकार आबालाल रहिमान यांच्या कोल्हापूर जिल्ह्यात हा मोह समजण्यासारखा आहे. तरीही आपल्याला हवा आहे तो ढेकूळ फोडल्यावर दिसणारा काळसर ओलावा, त्यातली पांढरी मुळी, गांडूळ आणि क्षारपड कोपऱ्यावर फुललेला मिठाचा थर.

कागद व रंग मंडळ देईल. खुरपे स्वतःचे आणावे. चित्रे चावडीत लावायची असल्याने प्रत्येक चित्रामागे तारीख व सरीचा क्रमांक न चुकता लिहावा.

– चिटणीस