नियमात बसतं, म्हणून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी चौदा वर्षांखालील मुलांच्या सामन्यात पंच म्हणून उभा होतो. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे गेला. आवाज मला आला नाही, मी नाबाद दिलं. मुलगा मात्र दोन पावलं तंबूकडे चालला होता. तेवढ्यात सीमारेषेवरून त्याचा प्रशिक्षक ओरडला, ‘‘थांब! पंचांनी दिलं नाही ना?’’ पोर मान खाली घालून परत क्रीजमध्ये आलं.

प्रशिक्षकाने नियम मोडला नाही, हे मान्य. पण १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल यानेही मोडला नव्हता. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी षटकार हवा होता आणि तो बसूच नये म्हणून त्याने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटी टाकायला लावला. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं. क्रिकेटजगताला लाज वाटली आणि मग नियम बदलला.

त्याच्या आदल्याच वर्षी वानखेडेवर आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने, चेंडू बॅटला लागलाच नाही म्हणून, पंचांनी झेलबाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं होतं. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. टेलर-बोथम जोडीने पुढे १७१ धावा जोडल्या आणि आपण १० गड्यांनी हरलो. तरीही आमच्या पिढीला त्या कसोटीतला विश्वनाथ आठवतो.

शालेय स्पर्धांच्या आयोजकांना कळकळीची विनंती आहे, स्वतःहून चालू लागलेल्या मुलाला निदान बाहेरून कोणी अडवू नये.

– एक क्रीडाशिक्षक