नदीकाठच्या वाटेनेच जा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा उद्यानाचा नकाशा मिळाला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालायला मोकळीक दिली हे वाचून बरं वाटलं. त्याखाली तू लिहिलंस, 'सोपी असेल तीच वाट सांग, उगाच मर्दुमकी नको.' ते वाचून तर खात्रीच पटली की गडी ताळ्यावर येतोय.

नकाशात तीन वाटा आहेत आणि तिन्हींपुढे 'सोपी' असंच छापलंय. माझ्या मते तुझ्यासाठी त्यातली एकच सोपी आहे, नदीला धरून साकवापर्यंत जाणारी. वहिनींचं मन झाडीतल्या गोल फेऱ्यावर बसलंय, कारण तो सगळ्यांत कमी लांबीचा. पण तुझ्या गुडघ्याला किलोमीटर कळत नाहीत, उतार कळतो. त्या फेऱ्यात दोन ठिकाणी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटल्यात, बघ. तिथे चढ थोडा आहे पण खडा आहे, आणि जे चढशील ते उतरावंही लागणार. चढताना दम लागतो, तो थांबलं की भरून येतो. गुडघ्यावर खरा भार येतो उतरताना. नदीकाठाला हा प्रश्नच जवळपास नाही, कारण पाण्याने शोधलेला उतार मुळात मंद असतो आणि वाट त्याच्याच कडेने जाते. 100 मीटर चालण्यात 5 मीटरपेक्षा जास्त चढउतार नसेल तर ती वाट तुला चालेल असं धर. काठी मात्र ने, दोन असतील तर दोन. थोड्याशा उतारालाही त्यांचा आधार होतो.

टेकडीवरच्या वाटेचं तू विचारलंसच, म्हणून सांगतो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी 1892 मध्ये एक आडाखा बांधून दिला, तो अजून वापरतात: साधारण 5 किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. तुझ्या टेकडीची वाट 4 किलोमीटरची आणि चढ 120 मीटर, म्हणजे 48 मिनिटं अधिक 12, मिळून एक तास. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा. तू दुप्पट धर, आणि वहिनी फोटो काढणार असतील तर हिशोबच सोडून दे. टेकडी पुढच्या वर्षी बघू.

आता गोल फेरा का नको, याचं दुसरं कारण. फेऱ्यात अर्ध्या वाटेवर पोचलास की परत फिर किंवा पुढे जा, अंतर तेवढंच पडतं. गुडघा दुखायला लागला तर तुझ्या हातात काही उरत नाही. गेलो त्याच वाटेने परतायचं असेल तर कुठेही मागे वळता येतं, आणि परतीला पुढे काय आहे ते ठाऊक असतं. लोक म्हणतात तेच तेच बघायला कंटाळा येतो. मला ते पटत नाही. जाताना पाठीमागे राहिलेलं सगळं येताना समोर येतं, उजेड दुसऱ्या बाजूने पडलेला असतो. शिवाय चुकायची भीती नाही: जाताना नदी उजव्या हाताला, येताना डाव्या. दाट झाडीत फोनवरचा निळा ठिपका भलतीकडे सरकतो, पण नदी जागची हलत नाही. तरी एवढं लक्षात ठेव की नदीचा डावा-उजवा काठ ठरतो तो प्रवाह जातो त्या दिशेला तोंड करून. मदतीसाठी फोन करायची वेळ आलीच तर कोणत्या काठावर आहेस ते तसं सांग, नाहीतर माणसं पलीकडच्या तीरावर पोचायची.

वाट सोपी म्हणजे बेफिकीर राहावं असं मात्र नाही. नकाशात साकवाच्या अलीकडे नदी मोठं वळण घेते ना, तिथे जरा जपून. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याला वेग जास्त असतो, ते काठ खालून कोरत जातं. वरून गवत हिरवंगार दिसतं, खाली माती उरलेलीच नसते. काठावर माणूस उभा राहिला की दरडीसकट खाली. तिथे पाणी बघायचं असेल तर कडेपासून चांगला लांब उभा राहा. जिथे झाडं नदीकडे कलली आहेत, मुळं हवेत लोंबकळताहेत, तिथे तर थांबूच नकोस. वळणाच्या आतल्या बाजूला उलटं असतं. पाणी मंदावतं, वाळू टाकतं, काठ उतरता होतो. बसायचं तर तिथे.

पाण्यात उतरायचा मोह होईल. मी तुला ओळखतो. वाहतं पाणी 15 सेंटिमीटर खोल असलं तरी वेग असेल तर मोठ्या माणसाचेही पाय काढून घेतं, आणि तुझा एक पाय अजून भरवशाचा नाही. आकाश निरभ्र आहे म्हणून पाणी वाढणार नाही असंही समजू नकोस. वर कुठे पाऊस झाला असेल किंवा धरणातून पाणी सोडलं असेल तर ते इथे ऊन असतानाही चढतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून यायला लागला, की काही विचार न करता वर सरकायचं. झाडांच्या फांद्यांत बघ, कुठे कुठे तुझ्या डोक्यापेक्षा उंच वाळकं गवत अडकलेलं दिसेल. मागचा पूर तिथवर आला होता.

ओल्या मुळांवर पाय ठेवायचा नाही, ती ओलांडायची. साल निघून गुळगुळीत झालेलं ओलं मूळ दगडापेक्षा निसरडं असतं. लाकडी फळ्यांच्या वाटेवर शेवाळं धरलेलं असेल तिथे छोटी पावलं, अख्खा तळवा टेकवून. आणि चिखल लागला तर मधूनच जा. हे तुला आवडणार नाही, कारण बूट नवे आहेत. पण प्रत्येक जण कडेने वळसा घालतो म्हणून तर दोन हातांची वाट दहा हात रुंद होते. झाडांची बारीक मुळं बहुतेक वरच्या 30 ते 60 सेंटिमीटर मातीत असतात. ती माती तुडवून घट्ट झाली की मुळांना ना हवा मिळते ना पाणी. मग काठ धरून ठेवणारी झाडंच आधी वठतात.

असो, उपदेश पुरे. बघण्यासारखं काय आहे ते सांगतो, नाहीतर तू हे पत्र सूचनाफलकावर लावशील.

त्या कोरलेल्या उभ्या दरडीकडे समोरच्या काठावरून नीट बघ. मातीत मुठीएवढी भोकं दिसली तर ती बहुधा खंड्याची बिळं. तो चोचीने बोगदा खणतो आणि पार आतल्या टोकाला अंडी घालतो. म्हणजे जी दरड आपल्याला धोक्याची, तीच त्याला घर. दिसण्याआधी तो ऐकू येतो, पण खळाळाजवळ काहीच ऐकू येत नाही, म्हणून पक्षी बघायला संथ डोहापाशी थांबायचं. खळाळाच्या आवाजात मागून येणारा सायकलवालाही कळत नाही, तेव्हा तिथे वाटेच्या एका कडेने चालत जा.

आतल्या वळणाच्या उथळ कडेला, पाणी जेमतेम बुडवेल असा एखादा दगड उचलून उलटा कर. कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या वाळूचे कण आपल्या रेशमाने चिकटवून स्वतःपुरती नळी बांधतात आणि तीत राहतात. बोटाच्या पेराएवढी नळी, पण बांधकाम असं की बघत राहावं. यातल्या बऱ्याच जातींना घाण पाणी सोसत नाही, म्हणून नदी किती स्वच्छ आहे हे तपासणारे शास्त्रज्ञ आधी असे किडेच मोजतात. बघून झालं की दगड होता तसा, त्याच बाजूने परत ठेव. वहिनी हे सोडून बाकी सगळ्याचे फोटो काढतील, पण तू बघच.

वेळेचं एकच. झाडीत अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर पडतो. नदीचं पात्र उजळ दिसतं म्हणून फसायला होतं, आणि पाय मात्र झाडाखालच्या काळोखात पडत असतो. निघतानाच परतीची वेळ ठरवून ठेव. ती झाली की साकव शंभर पावलांवर असला तरी वळायचं. हातभर बाह्या आणि पायघोळ कपडे घाला, गवतात गोचीड असतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत बघून घ्या.

आता तू पत्रात सगळ्यांत शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं जे लिहिलंस त्याविषयी. 'माझ्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होईल.' अरे, चालणाऱ्यांचा साधा रिवाज आहे, सगळ्यांत हळू चालणारा पुढे. मागच्यांनी त्याच्या पावलाने चालायचं. हळू माणूस मागे राहिला की तो धापा टाकत येऊन पोचतो, तोवर बाकीचे विसावा घेऊन उठलेले असतात, आणि ज्याला विसावा हवा त्यालाच तो मिळत नाही. तेव्हा पुढे तू. तू थांबलास की आपण थांबलो.

येत्या रविवारी मी मोकळा आहे. तुम्ही दोघंच जाणार असाल तर तसं सांग, मला मुळीच वाईट वाटणार नाही. मी यावं असं वाटत असेल तर शनिवारपर्यंत कळव, म्हणजे माझ्याकडची जादाची काठी घेऊन येतो. तुझी उंची बघून ती आधी लहानमोठी करून घ्यावी लागेल.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र