मुक्कामाच्या गाडीचे पैसे कोणी द्यायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसटीच्या तोट्याची बातमी आली की मथळ्यात आकडा असतो आणि चर्चा तिथेच थांबते. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनेच काढलेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेल्याचे म्हटले आहे. आकडा खरा आहे. पण त्यातला किती भाग महामंडळाच्या गैरकारभाराचा आणि किती सरकारने सोपवलेल्या कामाचा, हे वेगळे काढून कोणी बोलत नाही. माझा आग्रह त्या हिशेबासाठी आहे.

महामंडळ ज्या १९५० च्या केंद्रीय कायद्याखाली चालते, त्याचे कलम २२ सांगते की कारभार व्यापारी तत्त्वांवर करावा. त्याच कायद्याचे कलम ३४ राज्य सरकारला महामंडळाला निर्देश देण्याचा अधिकार देते. म्हणजे दुकान नफ्यात चालवायचे तुम्ही, आणि कोणाला किती स्वस्त द्यायचे ते ठरवणार आम्ही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. या सवलतींच्या मी पूर्ण बाजूने आहे. अर्ध्या तिकिटामुळे गावातल्या बायका नवऱ्याकडे पैसे न मागता दवाखान्यात, बाजाराला, माहेरी जाऊ लागल्या आहेत, हे मी रोज पाहते. मात्र सवलतीची भरपाई सरकारकडून मागाहून येते आणि डिझेल, सुटे भाग, पगार यांची देणी तोवर थांबत नाहीत. तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी करही सरकार याच महामंडळाकडून घेत आले आहे. एवढे करून जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, ती तिकीट काढणाऱ्या प्रवाशांच्याच खिशातून.

यापेक्षा गंभीर गोष्ट फेऱ्यांची आहे. सवलतीची निदान नोंद तरी होते, तोट्यातल्या फेरीची भरपाई मागायला कागदच नसतो. मुक्कामाची गाडी घ्या. रात्री आठ-साडेआठला ती शेवटच्या वाडीला पोहोचते तेव्हा आत मोजकी माणसे असतात. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपतात. पहाटे तीच गाडी दूधवाले, भाजीवाल्या, तालुक्याला कोर्टकचेरीसाठी निघालेली माणसे आणि कॉलेजची मुले घेऊन निघते, तेव्हा उभे राहायला जागा नसते. आगारात मात्र भारमान, म्हणजे गाडी सरासरी किती भरते त्याचे प्रमाण, काढताना रात्रीची रिकामी खेप आणि सकाळची भरलेली खेप एकत्र धरली जाते आणि फेरी ‘अनुत्पादक’ ठरते. आधी ती एक दिवसाआड होते, मग ‘गाडी उपलब्ध नाही’, मग बंद. लोक वडापकडे, म्हणजे खासगी जीपकडे, आणि दुचाकीकडे वळतात, दुपारच्या फेरीचेही भारमान घसरते आणि पुढची कात्री तिच्यावर चालते. प्रवासी कमी झाले म्हणून फेरी बंद केली, असे सांगितले जाते. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवत होते. दहावीनंतर मुलगी अकरावीला जाणार की नाही, हे गुणांपेक्षा संध्याकाळी साडेपाचच्या गाडीवर ठरते. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना मोफत पास मिळतो, फार मोलाची योजना आहे. पण गाडीच येत नसेल तर त्या पासाचे करायचे काय? मुलगी अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभी राहते हे आईवडिलांना समजले की दुसऱ्या महिन्यात तिचे कॉलेज सुटते. हे नुकसान कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

इतर देशांनी यावर व्यवस्था बसवली आहे. आयर्लंडमध्ये रेल्वे आणि बस दोन्ही प्रामुख्याने सरकारी मालकीच्या सीआयई या एकाच समूहाच्या कंपन्या चालवतात. तोट्याच्या पण गरजेच्या सेवांसाठी तिथले राष्ट्रीय परिवहन प्राधिकरण या कंपन्यांशी लेखी करार करते, त्याचे पैसे देते आणि वक्तशीरपणाचा जाब विचारते. त्यांच्यातल्या बस एअरन या कंपनीची लांब पल्ल्याची ‘एक्स्प्रेसवे’ सेवा मात्र व्यापारी तत्त्वावर चालते, तिला हा पैसा मिळत नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा, त्यामुळे दोष कोणाचा हेही दिसते. आपल्याकडे मुंबई-पुणे शिवनेरी आणि डोंगरातली मुक्कामाची गाडी एकाच फुटपट्टीने मोजतात. कोकण रेल्वेच्या राजापूर रोड, सावंतवाडी रोडसारख्या गावापासून दूर असलेल्या स्थानकांवर रात्रीची गाडी आल्यावर बाहेर एसटी उभी असणे हेही असेच काम आहे. ते व्यापाराचे नाही, पण कोणीतरी ठरवून, पैसे मोजून करून घेतले पाहिजे.

ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची मागणी होती. कर्मचाऱ्यांच्या पगाराचे दुखणे खरे होते आणि आहे. तरीही माझ्या मते विलीनीकरणाने मुक्कामाची गाडी परत येणार नाही आणि खासगीकरणाने तर मुळीच नाही. खासगी मालक पुणे-कोल्हापूर आनंदाने घेईल, वाडीवर कोण जाणार?

म्हणून माझी विनंती अशी आहे. प्रत्येक तालुक्यात कोणत्या फेऱ्या तोटा झाला तरी चालल्याच पाहिजेत, याची यादी ग्रामसभांना विचारून ठरवावी. त्या फेऱ्यांचा आणि सर्व सवलतींचा सरकार व महामंडळ यांच्यात लेखी करार व्हावा आणि त्याची रक्कम दर तिमाहीच्या सुरुवातीला, आगाऊ मिळावी. करारातली फेरी रद्द झाली तर ती का झाली, हे बसस्थानकाच्या फलकावर त्याच दिवशी लिहिले जावे आणि त्या फेरीचे पैसे कापले जावेत, म्हणजे महामंडळालाही ढिलाई परवडणार नाही. एवढे झाल्यावर उरलेला तोटा महामंडळाचा, त्यासाठी अधिकाऱ्यांना खुशाल धारेवर धरावे.

अर्थसंकल्पात या रकमेसाठी ‘एसटीला मदत’ हे शीर्षक नको. सरकारने विकत घेतलेल्या सेवेची ती किंमत आहे आणि तशीच ती मांडली जावी. आपल्या दैनिकाने तालुकानिहाय बंद पडलेल्या फेऱ्यांची माहिती मागवून छापली, तर येत्या अधिवेशनात आमदारांना त्यावर बोलावे लागेल.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका