भंगारात गेलेले व्ही-एट

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील मसल कारच्या अस्ताविषयीचा लेख वाचला. लेखकाने विषय आस्थेने मांडला आहे. मात्र विजेच्या मोटारींनी या गाड्यांचा बळी घेतला, आणि त्यांच्यासाठी हळहळणे म्हणजे पेट्रोलच्या धुरासाठी हळहळणे, असे जे दोन निष्कर्ष लेखाच्या शेवटी काढले आहेत ते मला पटले नाहीत. बडोद्यातील एका तंत्रशिक्षण संस्थेत मी तीस वर्षे मोटारीचे इंजिन शिकवले आणि त्यातील बराच काळ असेच एक अमेरिकी इंजिन माझ्या हाताखाली होते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी पहिल्या निष्कर्षाविषयी. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, घरगुती वापराच्या मोटारीत बसवलेले तिच्या मानाने अवाढव्य असे आठ सिलिंडरचे इंजिन, म्हणजेच व्ही-एट. तशी इंजिने आधीही कोणी कोणी बसवीत असत, परंतु या प्रकाराला खरे रूप आले ते 1964 च्या पॉन्टियाक जीटीओमुळे. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की या आकाराच्या मोटारीत 330 घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पॉन्टियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या साध्या गाडीत 389 घन इंचांचे, म्हणजे 6.4 लिटरचे इंजिन बसवले आणि ते नवी मोटार म्हणून जाहीर न करता सुमारे 300 डॉलर जादा भरून मिळणारी सोय म्हणून यादीत घातले, त्यामुळे वरिष्ठांच्या वेगळ्या मंजुरीची अडचण राहिली नाही. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज असताना पहिल्याच वर्षी 32,000 हून अधिक खपल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग आणली. तिची मूळ किंमत 2,368 डॉलर होती आणि पहिल्या बारा महिन्यांत तिचा खप चार लाखांच्या वर गेला. कारखान्यात पाळी करणारा, नुकताच कमवू लागलेला मुलगा हप्त्याने ही गाडी घेऊ शकत होता आणि रविवारी दारासमोर बोनेट उघडून स्वतः दुरुस्तही करू शकत होता. माझ्या मते या गाड्यांची सगळी ओढ या एका गोष्टीत आहे, आणि नेमकी तीच गोष्ट लेखातून निसटली आहे.

या गाड्या एकदा मेल्या होत्या, तेव्हा विजेची मोटार रस्त्यावर कुठेही नव्हती. 1970 च्या सुमारास विमा कंपन्यांनी तरुण मालकांकडून मोठी रक्कम घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावे म्हणून जनरल मोटर्सने 1971 च्या इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील इंधन-हवेवरचा दाब, उतरवले, आणि ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर उरलेसुरले बळही गेले. 1974 ची मस्टँग तर व्ही-एट इंजिनाविनाच आली. जीटीओही त्याच वर्षी बंद झाली. याच काळात अश्वशक्ती मोजण्याची पद्धत बदलली, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, कारण पुस्तकातील आकडे पाहून ते गोंधळत. पूर्वी पंखा, सायलेन्सर वगैरे काहीही न जोडता उघडे इंजिन मोजत. 1972 पासून ते गाडीत असते तसे मोजू लागले. शेवरोलेच्या 1971 च्या एलटी-1 इंजिनाची शक्ती जुन्या पद्धतीने 330 आणि नव्या पद्धतीने 275 भरते, इंजिन मात्र तेच. तेव्हा त्या वर्षांत कागदावर दिसणारी सगळी घसरण खरी मानू नये.

पुढे या गाड्या परतल्या, आणि आता पुन्हा जात आहेत. 2023 सरताना कॅनडातील ब्रॅम्प्टन येथे डॉज चॅलेंजर आणि चार्जरचे जुने रूप बंद झाले, तर 2024 च्या मॉडेलनंतर शेवरोलेची कॅमेरो थांबली. कॅमेरोचा खप त्याआधी कित्येक वर्षे घटत होता. लोकांना उंच एसयूव्ही हव्या होत्या. त्यानंतर डॉजने विजेवरची चार्जर आणली आणि पाठोपाठ तिच्यासाठी सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिनही आणले. फोर्डची मस्टँग आजही पाच लिटरच्या व्ही-एटसह मिळते. एवढे सगळे घडत असताना दोष एकट्या विजेवर टाकणे मला अन्याय्य वाटते.

आता हळहळीविषयी, आणि त्यासाठी मला बडोद्यात यावे लागेल. अमेरिकी मोटार आपल्या भागाला परकी नव्हती. मुंबईत जनरल मोटर्सने 1928 पासून गाड्यांची जुळणी केली, स्वातंत्र्यानंतर प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या, आणि साठच्या दशकातील शेवरोले इम्पाला तर लग्नाच्या वरातीत पाहिलेली नाही असा माझ्या वयाचा बडोदेकर विरळा. अशाच एका इम्पालाचे इंजिन, गाडी मोडीत काढताना, येथील एका कुटुंबाने आमच्या कार्यशाळेला दिले. ते 283 घन इंचांचे, म्हणजे 4.6 लिटरचे व्ही-एट होते. इम्पाला काही मसल कार नव्हे, हे मी जाणतो. परंतु हे इंजिन शेवरोलेच्या 1955 पासूनच्या ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले 350 घन इंचांचे भावंड 1967 च्या कॅमेरोत पहिल्यांदा आले. रचना तीच आणि सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रमही तोच.

लोखंडी घोडीवर बसवलेले ते इंजिन आम्ही वर्षातून काही वेळा चालवीत असू. दोन्ही बाजूंना चार-चार सिलिंडर, प्रत्येक बाजूला वेगळी धुराची नळी. डाव्या बाजूच्या सिलिंडरांचे आकडे विषम, उजव्या बाजूचे सम, आणि ठिणगीचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत, दर 90 अंशांनी, आठ स्फोट अगदी समान अंतराने होतात. तरीही व्ही-एटचा आवाज एकसुरी का नाही, तो असा घोगरा, उसळी घेत का येतो, हा प्रश्न मी प्रत्येक वर्गाला विचारीत असे. एका वर्षी उत्तर दिले ते संगीत महाविद्यालयात संध्याकाळी तबला शिकणाऱ्या एका मुलाने. तो उजव्या नळीशी उकिडवा बसला, डोळे मिटून मांडीवर बोटे वाजवीत राहिला आणि म्हणाला, "सर, आवर्तन आठ मात्रांचं आहे, पण या बाजूला थाप एक, दोन, तीन, दोन अशा अंतरानं पडतेय." फळ्यावर मांडून पाहिले तर तंतोतंत बरोबर! 8 नंतर लगेच 4, मग एक जागा सोडून 6, दोन सोडून 2, आणि पुन्हा एक सोडून 8. डाव्या बाजूला 5 आणि 7 लागोपाठ येतात, म्हणून तिकडेही हाच हिशेब, फक्त सुरुवात वेगळ्या जागी. दोन्ही नळ्या मिळून आठ मात्रा पुऱ्या भरतात. माझ्या सबंध नोकरीत इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल.

हे विस्ताराने लिहिले, कारण विजेवरच्या नव्या चार्जरमध्ये कंपनीने धुराच्या नळीसारखी एक यंत्रणा बसवली आहे, जी आत ध्वनी निर्माण करून जुन्या इंजिनाच्या जातीचा आवाज बाहेर सोडते. ती करणाऱ्या अभियंत्यांच्या कौशल्याविषयी मला आदरच आहे. परंतु जुन्या इंजिनाचा आवाज हा त्याच्या चालण्याचा पुरावा होता. एक प्लग बंद पडला तर लय तुटे आणि कोणता सिलिंडर रुसला आहे ते जाणता कारागीर लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून सांगत असे. टॅपेट सैल झाला, टायमिंग मागे गेले, कार्ब्युरेटर हवा ओढू लागला, प्रत्येकाची खूण वेगळी. ज्या आवाजावरून आतले काहीच कळत नाही तो ऐकायला गोड असेल, पण त्याने जुन्याची जागा भरून निघाली असे कृपया कोणी म्हणू नये. विजेची मोटार तिच्या स्वतःच्या शांततेत मला अधिक भावते.

पेट्रोलचे समर्थन मी करीत नाही. या गाड्या लिटरला चार-पाच किलोमीटर चालत, शिशाचा धूर ओकत, आणि त्यांचे ब्रेक त्यांच्या वेगाला पुरे पडत नसत. माझ्या नातवंडांनी रोज त्या धुरात श्वास घ्यावा असे मला मुळीच वाटत नाही. बदल आपल्या अंगणातही आला आहे. बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर, पावागडाच्या वाटेवरील हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना होता आणि शेवरोलेची गाडी तेथे बनत असे. माझे कितीतरी विद्यार्थी तेथे कामाला लागले, काहींची घरे त्या पगारावर उभी राहिली. एप्रिल 2017 मध्ये तो बंद झाला, पुढे एमजीने घेतला, आणि आज त्याच जागी विजेवरच्या मोटारीही तयार होतात. साणंदचा फोर्डचा कारखाना जानेवारी 2023 मध्ये टाटांकडे गेला. डेट्रॉईटच्या माणसाला जे वाटते त्याचा थोडा अंश हालोलच्या माणसालाही कळतो, एवढेच मला सुचवायचे आहे.

डेट्रॉईटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर 1995 पासून ऑगस्ट महिन्यात हजारो जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. त्यांतल्या पुष्कळ गाड्या श्रीमंतांच्या संग्रहातल्या नसून निवृत्त कामगारांनी घरच्या गॅरेजात, एकेक भाग जमवून, चालत्या ठेवलेल्या असतात. आपल्याकडे असे जतन मुख्यतः राजवाड्यांत आणि मोठ्या घरांत होते. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या परिसरात जुन्या मोटारींचे भव्य प्रदर्शन भरले, तेव्हा दोन दिवस मी तेथून हललो नाही. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी द्यायचा नियम केला, हेही स्वागतार्ह आहे. मात्र नोंदणी होते ती अख्ख्या गाडीची. कार्यशाळेतील सुट्या इंजिनाला असे कोणतेही कवच नाही.

आमच्या इंजिनाचे तेच झाले. मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी विजेच्या मोटारींची प्रयोगशाळा करण्यासाठी जागा मोकळी करायची ठरली आणि जुने सामान वजनावर विकले गेले. प्रयोगशाळा हवीच होती, त्याविषयी माझी तक्रार नाही. मला कळले ते एका जुन्या शिपायाकडून, आणि मी पोहोचलो तेव्हा घोडी रिकामी होती. जमिनीवर तेलाचा डाग आणि कोपऱ्यात, बहुधा वजनात नगण्य म्हणून राहिलेली, डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची, काळी टोपी. दोन-अडीचशे किलो बिडाचा जो भाव आला असेल, तेवढे पैसे मी आनंदाने भरले असते. कोणी विचारले नाही, कारण विचारायला हवे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले ते हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावे म्हणून. त्या शहरातील सर्व तंत्रशाळांना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना माझी विनंती आहे की, जुनी इंजिने लिलावात काढण्यापूर्वी प्रत्येक प्रकारचे निदान एक चालू स्थितीत ठेवावे, मग ते व्ही-एट असो, ॲम्बेसेडरचे असो की पद्मिनीचे. जागा नसेल तर विक्रीपूर्वी महिनाभर आपल्यासारख्या वृत्तपत्रातून तशी सूचना द्यावी, कोणीतरी पुढे येईल. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारे जे कारागीर अजून शहरात आहेत, त्यांना वर्षातून दोनदा तरी मानधन देऊन वर्गात बोलवावे. विजेची मोटार शिकणाऱ्या मुलालाही हे उपयोगी पडेल, कारण बिघाड ऐकून, वास घेऊन, हात लावून शोधण्याची सवय यंत्र बदलले म्हणून वाया जात नाही.

ती टोपी माझ्या टेबलावर आहे. प्रत्येक तारेच्या भोकाशी मी 1980 च्या दशकात पांढऱ्या रंगाने घातलेले आकडे अजून वाचता येतात. फक्त 7 थोडा पुसला आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाकडे, परसात किंवा गोदामात, जुने अमेरिकी व्ही-एट पडून असेल, गंजलेले का असेना, आणि ते एखाद्या संस्थेला द्यायची तयारी असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. ते उघडून, साफ करून, पुन्हा चालू करायला जेवढे शनिवार लागतील तेवढे मी विनामूल्य येईन, आणि टोपी सोबत घेऊन येईन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तंत्रशिक्षक
बाबाजीपुरा, बडोदे